बंदिनीला कात्री लावू नका

संपादक साहेब, नमस्कार,

परवा एका चॅनलवर बंदिनी लागला म्हणून सगळी कामं बाजूला ठेवून बसले, तर मोरा गोरा अंग लइ ले मध्येच कापलं आणि लगेच जाहिराती. इतका जीव जळला म्हणून सांगू! गुलजारांचं अगदी सुरुवातीच्या काळातलं गाणं ते, आणि त्यावर कात्री?

१९६३ चा सिनेमा, बिमल रॉयचा, आणि त्यात आपली नूतन, शोभना समर्थांची लेक. विष कालवायच्या आधीचा तो सीन आठवा, बाहेर लोखंडावर घण पडतायत, वेल्डिंगचा उजेड तिच्या चेहऱ्यावर लखलखतो आणि परत अंधार होतो, संवाद जवळपास नाहीतच, नुसत्या डोळ्यांनी ती सगळं बोलते. कितीदा बघितला तरी अंगावर काटा येतोच. फिल्मफेअर मिळालं ते उगाच नाही.

मला साधनाही आवडते, गाइडमधली वहिदा तर काय बोलायलाच नको, पण नूतन ती नूतनच.

चॅनलवाल्यांनो, रात्री उशिरा लावा हवं तर, आम्ही जागू, पण अख्खा दाखवा आणि ब्लॅक अँड व्हाइटच राहू द्या.

- तुमची एक जुनी वाचक, पुणे