सायकल नुसती लावू नकोस, बांधून ठेव

सातारा, रविवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर नव्या सायकलीबद्दल सांगताना तुझा आवाज इतका खुलला होता, की कुलपाचं विचारायचं राहूनच गेलं. रात्री आठवलं आणि मग झोप लागेना.

१९८९ साली मी पुण्यात शिकत असताना आजोबांनी मला काळी बावीस इंची सायकल घेऊन दिली होती. एका संध्याकाळी वाचनालयाबाहेर ती लावली, मागच्या चाकाचं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. तासाभराने येऊन बघतो तर जागा रिकामी. तुटलेलं कुलूपसुद्धा तिथे पडलेलं नव्हतं. चाक फिरत नव्हतं एवढंच, सायकल उचलायला कुणाची आडकाठी नव्हती. चौकीत सायकलचा नंबर विचारला, तो मला सांगता आला नाही. आजोबा एका शब्दाने रागावले नाहीत. ते अजून टोचतं.

तुझी गिअरची सायकल तर माझ्या सायकलीपेक्षा कितीतरी हलकी. म्हणून ती नेहमी जमिनीत पक्क्या रोवलेल्या वस्तूला बांध. खांब आधी हलवून बघ, आणि वरही बघ. ‘नो पार्किंग’चा बुटका खांब असेल तर कुलपासकट सायकल त्यावरून उचलून काढता येते. झाडाभोवतीची जाळी, गंजलेलं ग्रील यांच्यावर भरवसा ठेवू नकोस.

दुकानात स्वस्त म्हणून नंबरची केबल दाखवतील, ती मुख्य कुलूप म्हणून घेऊ नकोस. आत बारीक तारांचा पीळ असतो, चांगल्या कटरने तो काही सेकंदांत तुटतो. कठीण पोलादाचं यू-लॉक, म्हणजे इंग्रजी ‘U’ अक्षराच्या आकाराचं कुलूप घे. सायकलच्या किमतीचा दहावा हिस्सा कुलपावर गेला तरी चालेल, पैसे मी पाठवतो. कुलूप मागचं चाक, चौकट आणि खांब अशा तिन्हींमधून घाल. नुसत्या पुढच्या चाकातून घातलंस तर चाक तिथेच राहील आणि बाकीची सायकल जाईल. तुझं पुढचं चाक खटका सोडला की हाताने निघतं ना? मग त्यातून केबल ओवून ती यू-लॉकमध्ये अडकव, केबलचा तेवढा उपयोग आहे. यू-लॉकच्या आत मोकळी जागा जितकी कमी, तितकं पहार किंवा जॅक घालून ते फाकवणं अवघड. कुलूप जमिनीला टेकू देऊ नकोस, टेकलं की हातोड्याचा घाव नीट बसतो. किल्लीचं भोक खाली ठेव, पावसाचं पाणी आत जाणार नाही.

पाच मिनिटांचं काम असलं तरी हे सगळं कर. चहाच्या टपरीवर मैत्रिणी हाका मारत असतील, मारू देत. रात्री सायकल हॉस्टेलच्या आत, उजेडात ठेव. दिवा आणि पंप काढून खोलीत ने.

आणि आज एक काम कर. सायकल उलटी करून पेडलच्या दोन्ही दांड्यांमधल्या नळीखाली बघ. बहुतेक सायकलींचा नंबर तिथेच कोरलेला असतो, तिथे नसला तर सीटखालच्या नळीवर शोध. त्याचा, पूर्ण सायकलचा आणि पावतीचा फोटो मला पाठव.

कुलपाच्या दोन किल्ल्या येतील. एक दिवाळीला येताना घेऊन ये, आई देवघराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवेल.

तुझे बाबा