फिरत्या कलाप्रकल्पाचे पैसे फिरण्यातच संपू नयेत

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

लहान शहरांची चित्रे, छायाचित्रे आणि आवाज टिपणाऱ्या फिरत्या कलाप्रकल्पाचे अंदाजपत्रक उघडले की प्रवास, निवास, उद्घाटन, प्रदर्शन असे रकाने दिसतात. नोंदी लिहिणे, तपासणे आणि जपणे यांचा रकाना बहुधा नसतो. हे पत्र त्या रकान्यासाठी आहे.

१८५१ मध्ये फ्रान्सच्या ऐतिहासिक स्मारक आयोगाने पाच छायाचित्रकारांना देशभर धाडले. कामे उत्तम झाली, पण प्रसिद्ध न होता दप्तरी पडली. अमेरिकेत १९३५ पासून सरकारी छायाचित्र विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी छायाचित्रकारांना काय काय टिपायचे याची लेखी यादी देऊन पाठवले आणि प्रत्येक छायाचित्राखाली माहितीच्या ओळीचा, म्हणजे मथळ्याचा, आग्रह धरला. तो संग्रह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, सुमारे १,७०,००० निगेटिव्हसह. (नापसंत निगेटिव्हना स्ट्रायकर भोके पाडत, ते मात्र कुणी गिरवू नये.)

गोची होते ती घाईत. पथक तीन दिवसांत पुढच्या गावी निघते आणि मथळे ‘नंतर लिहू’ म्हणून राहतात. नंतर कोणती गल्ली, कोणता दरवाजा, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून त्या दिवसाच्या नोंदी त्याच संध्याकाळी पूर्ण व्हाव्यात: जागा, दिशा, तारीख, वेळ, करणाऱ्याचे नाव, माहिती कुणी दिली. पथकात चार कॅमेरे असतील तर पहिल्या सकाळी चौघांनी एकाच घड्याळाचा फोटो काढावा. कॅमेऱ्यांची घड्याळे मागेपुढे असली तर चित्रांचा क्रम पुढे जुळत नाही. हा फोटो असला की फरक काढता येतो.

जुन्या इमारतीचे दर्शनी रेखाटन करताना एकेक खिडकी सुटी मोजू नये. फीत एका कोपऱ्यावर शून्याला लावून सगळी मापे तिथूनच धावती घ्यावीत. सुट्या मापांतली अर्ध्या सेंटिमीटरची चूक दहा टप्प्यांत पाच सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते आणि कागदावर भिंत बसत नाही. जुनी भिंत सरळ आहे असे धरून चालू नये. ओळंबा सोडून तिचा कल पाहावा, तोही लिहावा. कागद आम्लविरहित हवा, शाई रंगद्रव्याची. साध्या स्केचपेनचे रंग प्रदर्शनातल्या उजेडातच फिके पडू लागतात.

आवाज ‘वेव्ह’ (WAV) या फाइल-स्वरूपात, ध्वनिमुद्रण यंत्र ४८ किलोहर्ट्झ व २४ बिटवर लावून घ्यावा. बोलणे सुरू होण्याआधी अर्धा मिनिट त्या जागेची नुसती शांतता मुद्रित करावी, संपादनात जोड लपवायला ती लागते. संमतीपत्र बोलणाऱ्याच्या भाषेत, दोन प्रतींत असावे. एक त्याच्याकडे राहावी. त्यात प्रदर्शन, छपाई आणि इंटरनेट यांना वेगवेगळी परवानगी हवी. एकच सही सगळ्याला लागू धरली की पुढे तक्रारी येतात, आणि त्या रास्त असतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरून गोळा केलेले फोटो मूळ प्रत म्हणून स्वीकारू नयेत. तिथे चित्र आकसते, तारीख-वेळेची माहितीही निघून जाऊ शकते. मूळ फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या शहरात, आणि वर्षातून एकदा उघडून तपासणी. हार्ड डिस्क कपाटात ठेवली म्हणजे जतन झाले, हा समज सरकारी दप्तरांत फार पक्का आहे.

मंजुरीच्या आदेशात तीन अटी घालाव्यात. एकूण रकमेचा किमान चौथा हिस्सा नोंदी आणि जतनासाठी राखीव असावा. स्वामित्वहक्क कलाकाराकडे राहून शासनाला केवळ ठरावीक वापराची परवानगी मिळावी. आणि छापील मथळ्यांसह एक पूर्ण संच त्याच शहरातल्या सार्वजनिक वाचनालयात जमा व्हावा. त्या वाचनालयाची सही-शिक्क्याची पोच जोडल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये.

आपले,
दस्तऐवजीकरणाचे काम करणारे कलाकार