अपस्केलचं बटण सगळ्यात शेवटी दाबा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एआय वापरून जुने व्हिडिओ फोरके कसे करायचे, म्हणजे अपस्केल करून चित्र मोठं कसं करायचं, यावरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. लिहिलाय छान, वाचून बऱ्याच जणांना कपाटातल्या कॅसेट बाहेर काढाव्याशा वाटतील, पण त्यात सगळं काम फाइल टाका, चार पट निवडा आणि वाट बघा एवढ्यातच उरकलंय. असं केल्यावर जे बाहेर येतं ते बघून माणूस एक तर सॉफ्टवेअरला शिव्या घालतो, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे तेच भारी समजून मूळ फाइल उडवून टाकतो. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, काटछाट करा हवी तर.

आधी साधा हिशोब बघा. पाल, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीतल्या, डीव्हीडीची फ्रेम असते ७२० बाय ५७६, म्हणजे साधारण ४ लाख १५ हजार पिक्सेल. फोरकेची ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. वीसपट झालं हे! म्हणजे पडद्यावरच्या दर २० पिक्सेलमागे मूळचा ऐवज एकाचाच आणि बाकीचे १९ सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले, आणि व्हीएचएस असेल तर तो एकसुद्धा धड नाही कारण त्या टेपवर आडवा तपशील जेमतेम २४० रेषांएवढाच मावायचा. हा अंदाज हवेतला नसतो, मॉडेलला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आतल्या एआयला, चांगली चित्रं आणि मुद्दाम खराब केलेल्या त्यांच्याच प्रती अशा जोड्या भरपूर दाखवून शिकवलेलं असतं, रिअल-ईएसआरगॅन नावाचं अपस्केलचं मॉडेल तर असल्या कृत्रिम खराबीवरच तयार झालंय. पण त्याला तुमच्या फुटेजमधली घाण आणि तुमच्या फुटेजमधला तपशील यातला फरक दर वेळी कळतोच असं नाही, कॉम्प्रेशनचे चौकोन दिले की ते चौकोनच टोकदार करून परत देतं.

आणि सगळ्यात मोठी घाण म्हणजे इंटरलेसिंग, ज्याचं नावसुद्धा लेखात नाही. जुने कॅमकॉर्डर, टीव्हीवरून केलेलं रेकॉर्डिंग, हे सगळं पालमध्ये सेकंदाला ५० फील्ड या हिशोबाने असतं, एका फील्डमध्ये विषम रेषा आणि पुढच्यात सम, आणि त्या दोघांमध्ये १/५० सेकंदाचं अंतर. कोणी हात हलवला की त्या १/५० सेकंदात हात पुढे गेलेला असतो, त्यामुळे कॉम्प्युटरवर फ्रेम थांबवली की हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. हे असंच अपस्केलरला दिलं तर त्याला ते दात खरेच वाटतात आणि तो ते झकास रंगवून देतो, मग नंतर काहीही करा ते निघत नाहीत. म्हणून आधी डीइंटरलेस, म्हणजे फील्ड सोडवून त्यांच्या पूर्ण फ्रेम करणं. एव्हीसिंथ किंवा व्हेपरसिंथ या व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्रामवर चालणारं क्यूटीजीएमसी फुकट आहे, हळू आहे, सेट करताना डोकं फिरतं, पण इतक्या वर्षांनंतरही बहुतेक जाणकार तेच वापरतात. तेवढा वेळ नसेल तर एफएफएमपेग या प्रोग्राममधलं बीडब्ल्यूडिफ चालेल. त्यातून सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम काढा आणि ५०च ठेवा, फाइल मोठी होते म्हणून निम्म्या टाकून २५ केल्या की हालचालीतला तो जुना सहजपणा जातो आणि मग लोक म्हणतात एआयने व्हिडिओ झटके मारतोय. फील्डचा क्रमही तपासा, डिजिटल कॅमकॉर्डरच्या डीव्ही टेपमध्ये खालची फील्ड आधी असते, डीव्हीडीवर बऱ्याचदा वरची, उलटा क्रम दिला तर चालणारा माणूस दोन पावलं पुढे एक मागे करत थरथरतो. उलट बाजूनेही फसायला होतं, डीव्हीडीवरचा सिनेमा कधी कधी फक्त नावाला इंटरलेस्ड असतो आणि आतल्या फ्रेम आख्ख्या असतात, तिथे डीइंटरलेस केलं तर फुकटचं नुकसान. हलतं दृश्य निवडून एकेक फ्रेम पुढे ढकलत बघायचं, दात दिसले तरच करायचं.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो. मूळ टेप हाताशी असेल आणि प्लेअर चालत असेल तर पुन्हा कॅप्चर करा, मेसेजवर फिरून फिरून चेपलेल्या प्रतीवर रात्रभर ग्राफिक कार्ड तापवण्यापेक्षा ते बरं, आणि डीव्ही टेप असेल तर फायरवायर केबलने जशीच्या तशी उतरते. मधल्या पायरीच्या फाइल एफएफव्ही१ सारख्या लॉसलेस, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या प्रकारात ठेवा, दर पायरीला परत चेपू नका. ७२० बाय ५७६ चे पिक्सेल चौकोनी नसतात, ४:३ चं चित्र खरं ७६८ बाय ५७६ दिसायला हवं, ते विसरलं की माणसं लांबुडकी दिसतात, आणि अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीच्या ७२० बाय ४८० मध्ये उलट, सगळे जाडे. रंगाचंही तसंच, एसडीचं, म्हणजे जुन्या टीव्हीच्या चित्राचं, रंगाचं गणित ६०१ या मानकाचं आणि एचडीचं ७०९ चं, बदल नीट केला नाही की चेहऱ्यांचा रंग किंचित बिघडतो आणि का बिघडला ते कळत नाही. खूप खरखर असेल तर अपस्केलच्या आधी हलकं डीनॉइज, हलकंच. शार्पन करायचंच असेल तर सगळ्यात शेवटी, माझ्या मते नकोच.

आता किती मोठं करायचं? माझं म्हणणं १४४० बाय १०८० ला थांबा. फोरके हा हट्ट टीव्हीच्या खोक्यावर लिहिलेलं असतं म्हणून असतो, फुटेजला त्याची गरज नसते. सगळे स्लायडर शेवटपर्यंत ओढले की कातडी मेणाची होते, केसांच्या दोऱ्या होतात आणि मागच्या भिंतीवर नसलेली नक्षी उगवते. टोपाझ या अपस्केलच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोटियस या मॉडेलला मॅन्युअलवर घेऊन आकडे खाली ठेवले तर कितीतरी बरं निघतं, चेहऱ्यांसाठी आयरिस आहे, पण चेहरा मूळ चित्रात अगदी ठिपक्याएवढा असेल तर आयरिस काय कोणीच काही करू शकत नाही, मागच्या रांगेतल्या मावशींच्या जागी भलत्याच बाई येऊन बसतात. हे चेष्टेने म्हणत नाहीये. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या पुसट चेहरे स्पष्ट करणाऱ्या पल्स नावाच्या प्रयोगाला बराक ओबामांचा पुसट फोटो दिला तर त्यातून एक गोरा माणूस बाहेर आला होता, तेव्हा खूप गाजलं होतं ते. फुकट हवं असेल तर व्हिडिओ२एक्स हे सॉफ्टवेअर आहे, फक्त त्यात रिअल-ईएसआरगॅन लावलं की ते प्रत्येक फ्रेम वेगळी सोडवतं, त्यामुळे पानं, जाळी, कापडाची वीण असलं काही असेल तर चालू व्हिडिओत लुकलुकतं.

पूर्ण व्हिडिओ लावण्याआधी दहा सेकंदांचा तुकडा करून बघा, आणि तो सगळ्यात छान दिसणारा नको, अंधार, गर्दी, फिरणारा कॅमेरा असा वाईटातला वाईट घ्या. तासाभराचं फुटेज ५० फ्रेमने म्हणजे १ लाख ८० हजार फ्रेम, कार्डने सेकंदाला ५ उरकल्या तरी १० तास जातात, तेव्हा चुकलं तर रात्र वाया. मध्येच वीज गेली तर सगळं बुडू नये म्हणून सुट्या चित्रांच्या रूपात काढणारे शहाणे, आवाज मग मूळ फाइलमधून जोडायचा. आणि ती मूळ फाइल दोन जागी ठेवा, ही मॉडेलं दरवर्षी बदलताहेत, आज जे जमत नाही ते पुढे जमेल पण ते आजच्या मेणकट फोरकेवरून नाही.

शेवटी तुमच्याकडे थेट दोन मागण्या. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या न्यायाधीशांनी २०२४ मध्ये खुनाच्या खटल्यात एआयने सुधारलेला व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला, मोबाइलवर घेतलेलं ते फुटेज होतं. पेपरात आणि चॅनेलवर मात्र सीसीटीव्हीतला चेहरा स्वच्छ करून सर्रास दाखवतात आणि खाली एक ओळसुद्धा नसते. निदान तुम्ही तरी असा फोटो छापाल तेव्हा तो एआयने वाढवलाय हे खाली लिहा आणि शेजारी मूळचा पुसटही छापा. दुसरी मागणी त्या लेखाबद्दल, त्यात आधी आणि नंतर अशी जी दोन चित्रं दिली होती ती थांबलेल्या फ्रेमची होती, थांबलेली फ्रेम कोणत्याही सॉफ्टवेअरची छानच दिसते, लुकलुक आणि झटके चालू व्हिडिओतच कळतात. पुढच्या भागात क्यूआर कोड द्या, दहा सेकंदांचं फुटेज, मूळ आणि अपस्केल केलेलं शेजारीशेजारी, आणि त्यात माणसं हलत असू द्या.

आपला,
एक नियमित वाचक