भूल उतरेपर्यंत

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला अभ्यासक्रमाचा आराखडा वाचला. तुमच्या जनावरांच्या हॉस्पिटलने नव्या मदतनीस मुलामुलींना भूल आणि अतिदक्षता शिकवायचं काम तुझ्यावर सोपवलं, याचा आनंद आहेच. पण 'मोकळेपणाने लिही' असं तूच म्हणालीस, तेव्हा कौतुक इथेच आवरते.

पहिली हरकत क्रमाला आहे. पहिला अख्खा आठवडा तू भुलीच्या औषधांना दिलास. झायलाझिन, केटामाइन, प्रोपोफॉल, आयसोफ्लुरेन, कुठलं कोणत्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या कोणत्या जागेला, धरतं. तुझी पोरं काही बारावी होऊन आलेली, काही पशुधन पर्यवेक्षकाची पदविका घेतलेली. रिसेप्टर पाठ होतील आणि कुत्र्याच्या मांडीतली नाडी सापडणार नाही. पहिल्या आठवड्यात औषधाचं नावही काढू नकोस. जागं, निरोगी कुत्रं टेबलावर घे. एका हाताने मांडीची नाडी धरायची आणि त्याच वेळी स्टेथोस्कोपने हृदय ऐकायचं. ठोका ऐकू आला पण नाडी लागली नाही, असं कधी होतं आणि तेव्हा डॉक्टरला का हाक मारायची, हे आधी. मग हिरडी दाबून सोडायची आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. दोन सेकंदांच्या आत यायला हवा. पन्नास निरोगी हिरड्या पाहिल्या की एकावन्नावी फिकट हिरडी न सांगता कळते.

मग डोळा. पुरेशी भूल चढली की कुत्र्याचं बुबुळ खाली आणि आतल्या बाजूला वळतं, पापणीच्या कोपऱ्याला बोट लावलं तरी ती मिटत नाही, जबडा सैल पडतो. हे तू लिहिलं आहेस. पण भूल हलकी असते तेव्हाही बुबुळ मध्यावर असतं आणि धोक्याइतकी खोल जाते तेव्हाही पुन्हा मध्यावरच येतं, हे नाही लिहिलंस. नुसता डोळा बघून आयसोफ्लुरेन वायू कमीजास्त करणारी चकती फिरवणारा माणूस यातच फसतो. नाडी, श्वास, जबडा आणि डोळा हे चारही जुळवून मगच बोलायचं. केटामाइनमध्ये तर डोळा उघडाच राहतो आणि पापणीही हलते, म्हणजे ही खूण तिथे कामाची नाही. उलट डोळा कोरडा पडू नये म्हणून मलम लावायचं.

मॉनिटरबद्दल तू पुष्कळ लिहिलंस, मी थोडंच लिहिते. सोडलेल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख ३५ ते ४५ मिमी पाऱ्याच्या दरम्यान हवा आणि तो अचानक शून्यावर आला तर श्वासनलिकेतली ट्यूब सुटली, निसटली किंवा हृदय थांबलं, यांपैकी एक. अशा वेळी आधी जनावराकडे बघायचं, मशीनची वायर हलवत बसायचं नाही. सरासरी रक्तदाब ६० च्या खाली राहिला की मूत्रपिंडांवर संकट. एवढं पक्कं झालं तरी पुष्कळ. मॉनिटर घेणारे दवाखाने आता गल्लोगल्ली आहेत, त्याच्याकडे बघायला वेगळा माणूस नेमणारे फार थोडे.

आता मुख्य मुद्दा. भूल उतरण्याच्या काळाला तू जेमतेम अर्धा तास दिला आहेस. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात ११७ दवाखान्यांमधून भुलीखालच्या मृत्यूंची मोठी पाहणी झाली. कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के मृत्यू आढळले. हे आकडे तुला पाठ असतील. त्यातले निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यावरचे होते आणि बहुतेक पहिल्या तीन तासांतले. म्हणजे टाके पडले, डॉक्टरने हातमोजे काढले, चहा आला, त्यानंतरचे. आपल्याकडे नेमकं त्याच वेळी जनावर फरशीवर किंवा पिंजऱ्यात ठेवतात आणि मदतनीस पुढची केस घ्यायला जातो. नसबंदीच्या शिबिरांत तर रांगच लागलेली असते, विचारायलाच नको.

म्हणून एक अख्खा आठवडा यालाच दे. ट्यूब कधी काढायची? कुत्रं गिळायला लागलं की. मांजराची जरा आधी, कान हलवायला लागलं की, कारण उशीर केला तर घशाला झटका येऊन श्वासमार्गच बंद होऊ शकतो. आणि पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्यांची शक्य तितकी उशिरा. तो ट्यूब तोंडात घेऊन डोके वर करून बसला तरी बसू दे. पुण्यात घराघरांत पग झालेत, त्यांच्याबाबत दया दाखवून लवकर ट्यूब काढणाऱ्याला टेबलाजवळ उभं करू नकोस. तापमान दर पंधरा मिनिटांनी घ्यायचं, ३७ अंशांच्या वर येईपर्यंत. गरम पाण्याची बाटली कातडीला लावायची नाही, मध्ये टॉवेल हवाच. गुंगीतल्या जनावराला चटका बसला तरी ते बाजूला सरकू शकत नाही. भाजलेलं दिसतं काही दिवसांनी, आणि मालक विचारतो तेव्हा उत्तर कोणाकडेच नसतं.

मांजरांसाठी आणखी दोन गोष्टी लिहून घे. दातांचं काम करताना तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा चिमटा वापरतात, तो जास्त ताणला तर मेंदूकडे आणि डोळ्यांकडे जाणारा रक्तपुरवठा दबतो आणि मांजर आंधळं होऊ शकतं. दुसरी, ट्यूबचा फुगा. मांजराची श्वासनलिका नाजूक. फुगा जास्त फुगवला आणि नळी मशीनपासून न सोडवता मांजराला कुशीवरून पालटलं की नलिका फाटते. 'आधी सोडव, मग पालट' हे पोरांनी मोठ्याने म्हणायचं, दर वेळी. गळती तपासायला मशीनची झडप बंद केली तर ती परत उघडली का, हेही मोठ्याने. ब्रिटनमधल्या पशुभूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये यासाठी तपासणी यादी काढली. ती भिंतीवर लाव, पण नुसती लावून उपयोग नाही. एकाने वाचायची, दुसऱ्याने उत्तर द्यायचं.

सलाइनचं गणित पोरांना अवघड वाटतं, म्हणून सोपं करून सांग. मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिलि, म्हणून ताशी जितके मिलि तितकेच मिनिटाला थेंब. भुलीखालच्या चार किलोच्या मांजराला किलोमागे ताशी ३ मिलि धरले तर १२ मिलि, म्हणजे मिनिटाला १२ थेंब. वीस किलोच्या कुत्र्याला किलोमागे ५ प्रमाणे ताशी १०० मिलि, साध्या २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला साधारण ३३. मांजराला कुत्र्याच्या हिशोबाने सलाइन सोडलं की फुप्फुसात पाणी.

हृदय थांबलं तर काय करायचं, याचा सराव औषधांच्या आधी ठेव. २०१२ मध्ये आलेल्या आणि २०२४ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचना तुझ्याकडे आहेतच. मिनिटाला १०० ते १२० दाब, जनावर कुशीवर असेल तर छातीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत, दर दोन मिनिटांनी माणूस बदल. लॅब्राडोरला छातीच्या सर्वांत रुंद जागी, ग्रेहाउंडसारख्या अरुंद छातीच्याला थेट हृदयावर, बुलडॉगला उताणं करून. भुलीखाली थांबलेलं हृदय इतर कारणांनी थांबलेल्यापेक्षा परत येण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. ते परत आणणारा तिथे उभा असलेला मदतनीसच असतो, कारण डॉक्टरचे हात पोटात.

यावरून आमच्या जुन्या दवाखान्यातले व्रणोपचारक, म्हणजे मलमपट्टी करणारे मदतनीस, आठवले. गाईला आपण पूर्ण भूल देत नाही, पोटात वायू धरतो, लाळ आणि कोठ्यातलं पाणी फुप्फुसात जातं, म्हणून उभ्या गाईला लिग्नोकेनने जागा बधिर करून डावी कूस उघडायची. एकदा सिझेरियनच्या मध्यात ते म्हणाले, 'बाई, थांबा, मागचा पाय थरथरतोय.' गाय बसणार होती, आणि डावीकडे बसली असती तर उघडी जखम शेणात. आम्ही दोर ओढून तिला उजवीकडे बसवलं आणि काम पुरं केलं. त्यांना पदवी नव्हती. पण 'थांबा' म्हणायची मुभा होती आणि मी ती ऐकायचे. तुझ्या पोरांना हॉस्पिटलच्या बड्या सर्जनला 'थांबा' म्हणता येईल का? हा प्रश्न तू वर्गात सोडवू शकत नाहीस, तो सर्जनांच्या बैठकीत सोडव. आणि तोही अभ्यासक्रम सुरू होण्याआधी.

ब्रिटनमध्ये पशुपरिचारिकांचं प्रशिक्षण १९६१ पासून आहे आणि त्यांची नोंदणीही होते. तिथेही भुलीचं औषध किती द्यायचं हे डॉक्टरच ठरवतो. परिणाम बघत बघत मात्रा वाढवत नेणं परिचारिकेचं काम नाही. आपल्याकडे १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा डॉक्टरांची नोंदणी करतो आणि पदविकाधारकांना डॉक्टरच्या देखरेखीत किरकोळ सेवा देता येतात. पशुपरिचारिका म्हणून वेगळी नोंदणी नाही. म्हणून तुझ्या प्रमाणपत्राची पाटी मोठी करू नकोस. कोणी काय करायचं आणि काय नाही, हे हॉस्पिटलने लिहून, सही करून द्यावं. केटामाइनच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आणि वहीत नोंद कोणाची, हेही त्यात. शेड्यूल एक्सचं, म्हणजे कडक नियंत्रणातलं औषध आहे, उद्या चौकशी आली तर पोरांच्या अंगावर यायला नको.

पगाराचंही बोल. अतिदक्षता म्हणजे रात्रपाळी. पार्व्हो विषाणूने आजारी पिल्लं, घोणस चावलेलं कुत्रं, जठराला पीळ पडलेला जर्मन शेफर्ड, आणि सगळ्यांवर मिळून एक मुलगा, तोच गेटही उघडतो. अशा ठिकाणी तू शिकवलेली पोरं वर्षभरात मोबाइलच्या दुकानात जातील. रात्री किती पिंजऱ्यांमागे किती माणसं, हा आकडा व्यवस्थापनाकडून लेखी घे. नाही दिला तर वर्ग सुरू करू नकोस.

दुरुस्त आराखडा पाठव, परत लाल पेन घेऊन बसते. दिवाळीला येशील तेव्हा ज्यांना जमेल त्यांना बरोबर आण. शेजारच्या गोठ्यात चार गाई आहेत. डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ ठेवून कोठ्याची हालचाल मोजायला मी शिकवीन. तुझ्या हॉस्पिटलात गाय येत नाही, हे कारण सांगू नकोस.

तुझी,
आई