मणक्यातील भूल आणि झोपेचे इंजेक्शन

महोदय,

मणक्यातून भूल देताना ‘झोपेचे इंजेक्शनही द्या’ असे रुग्ण सर्रास म्हणतात. मागणी रास्त आहे. घाई मात्र नको. आधी भूल किती वर चढली हे गार स्पर्शाने तपासावे, रक्तदाब स्थिरावू द्यावा, मगच मिडाझोलाम हे गुंगीचे औषध १ मिलिग्रॅम शिरेतून हळूहळू द्यावे आणि पुढच्या मात्रेआधी दोन-तीन मिनिटे थांबावे. सत्तरीपुढे अर्धा मिलिग्रॅमही पुरतो, कारण खालच्या अंगातून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना थांबल्या की गुंगी थोडी आपोआपच येते.

हाक मारताच डोळे उघडतील, इतकीच झोप हवी. घोरणे सुरू झाले तर हनुवटी उचलावी. ऑक्सिजन चालू असताना श्वास मंदावला तरी बोटावरचा ऑक्सिमीटर बराच वेळ ऑक्सिजन ९८ टक्के दाखवत राहतो. म्हणून बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ हवाच, त्यात तडजोड नको.

सर्वांत घातक चूक म्हणजे तळमळणाऱ्या रुग्णाला आणखी गुंगी देणे. रक्तदाब घसरलाय का, ऑक्सिजन कमी पडतोय का, लघवी तुंबलीय का, हे आधी पाहावे. भूलच अपुरी असेल तर शस्त्रक्रिया थांबवून सरळ पूर्ण भूल द्यावी.

– एक भूलतज्ज्ञ