परदेशस्थांच्या घरची वरात आणि हलगीवाले

महोदय,

परदेशी स्थायिक झालेले अनेक सोलापूरकर डिसेंबर-जानेवारीत रजेवर गावी येतात, घरातील लग्नकार्ये शक्यतो त्यांच्या रजेच्या तारखा पाहूनच ठरतात आणि याच सुमारास श्री सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्राही भरते. मी स्वतः बरीच वर्षे जर्मनीत नोकरी करून आता कायमचा सोलापुरात परतलो आहे. परतणाऱ्या माणसाला गावचे कोणते संगीत हवे असते आणि गावी आल्यावर तो प्रत्यक्षात कोणत्या संगीतावर पैसे खर्च करतो, यांतील तफावतीकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

परदेशात मराठी गाणी ऐकायला मिळत नाहीत, ही तक्रार आता कालबाह्य झाली आहे. पूर्वी गावाहून निघताना सामानात ध्वनिफिती जपून न्याव्या लागत; आता अभंग, नाट्यपदे, भावगीते, लावण्या यांतले काय हवे ते श्टुटगार्टच्या ट्राममध्ये बसून भ्रमणध्वनीवर ऐकता येते. ध्वनिमुद्रणाने जे संगीत कुठेही नेता येते, त्याची उणीव मला कधी फारशी भासली नाही. उणीव भासे ती या शहराच्या रस्त्यावरच घडणाऱ्या आवाजांची. यात्रेत बाराबंदी हा पारंपरिक पांढरा अंगरखा घातलेला एकच माणूस कमरेच्या पट्ट्यात नंदीध्वजाची उंच काठी तोलून पावले टाकतो, अशा सात काठ्या दृष्टीस पडण्याआधीच पलीकडच्या गल्लीतून हलग्यांचा कडकडाट कानी येतो, आणि सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहात सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा हजारो कंठांतून एकदम ‘हर्र’ उमटते. हे कोणत्याही ध्वनिमुद्रणात नीट सापडत नाही. कोजागरीला तुळजापूरकडे पायी निघालेल्यांच्या वाटेवरची संबळ, गणपतीच्या आधी गल्लीबोळांत रात्री चालणारा लेझीमचा सराव, एका पेठेत कानडी भजन तर पुढच्या पेठेत तेलुगू, हे सारे त्याच जातीचे. पेशवाईच्या उत्तरार्धात एकाच लावणीत निरनिराळ्या भाषा गुंफणारे शाहीर राम जोशी याच गावचे, याचे त्यामुळे नवल वाटत नाही.

तिकडच्या मराठी मंडळींनाही नेमके हेच हवे असते. आम्ही एका शाळेचे क्रीडागृह ठरावीक तासांसाठी भाड्याने घेऊन लेझीमचा सराव करीत असू. शालेय कवायतीतले चार आवाज, आठ आवाज बहुतेकांच्या हातापायांत अजून होते; नव्हता तो हलगीवाला. म्हणून हलगीचे ध्वनिमुद्रण स्पीकरवर लावावे लागे, आणि आमची पावले चुकली तरी ते आपल्याच गतीने पुढे निघून जाई. माणूस वाजवीत असता, तर त्याने नाचणाऱ्यांकडे पाहून ठेका सावरला असता.

आता गावाकडची स्थिती पाहावी. माझ्या नात्यातील एका लग्नासाठी परदेशातून तीन कुटुंबे आली होती आणि खर्चाला कोणी मागेपुढे पाहत नव्हते. वरातीला ट्रकवर ध्वनिवर्धकांची भिंत उभी राहिली. हलगी आणि सनईवाल्यांना मात्र देवकार्यापुरते सकाळी बोलावून, बिदागीत घासाघीस करून, जेवणाच्या पंगतीआधीच निरोप देण्यात आला. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. अशा भिंतीपुढे ती काही क्षणांत ओलांडली जाते. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळतात, हे कौतुकाने सांगणारे पुष्कळ भेटतात. रात्री दहा ते सहाचे बंधन आपल्या नियमांतही आहे, त्यामुळे त्यासाठी परदेशाचे दाखले देण्याची गरज नाही. मला खंत वाटली ती वेगळ्याच कारणाने. क्रीडागृहात यंत्रातल्या हलगीवर समाधान मानणारी हीच माणसे, खरा हलगीवाला दारात उभा असताना, त्याला परत पाठवून पुन्हा यंत्रच लावीत होती.

यावर ‘नवी पिढी हलगी शिकत नाही, कला लोप पावते आहे’ असे हळहळणे सोपे आहे. परंतु ही हळहळ मला अर्धवट वाटते. हलगी ज्या समाजांच्या वाट्याला आली, त्यांना ती बहुधा गावकीच्या सक्तीने वाजवावी लागे. मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर, आणि मानाची जागा मात्र मांडवाबाहेर. अशा घरातल्या मुलाने शिकून दुसरी वाट धरली असेल, तर त्याचा निर्णय योग्यच आहे, आणि आम्हा परतलेल्यांच्या आठवणी जपण्याची जबाबदारी त्याच्यावर मुळीच नाही. ज्यांना आजही वाजवायचे आहे, त्यांना ते प्रतिष्ठेने आणि पुरेशा मोबदल्यावर करता यावे, इतकेच आपल्या हाती आहे. थाप आणि छडीच्या मेळाने बोल काढणे ही वर्षानुवर्षांच्या मेहनतीची विद्या आहे; हवेत ओल असली की कातडे सैल पडते आणि ते पुनःपुन्हा जाळावर शेकून आवाजावर आणावे लागते. शास्त्रीय मैफलीतला वादक तानपुरा लावण्यासाठी वेळ घेतो तेव्हा आपण अदबीने थांबतो. हलगी शेकणाऱ्याला मात्र ‘आटप लवकर’ असे सुनावतो.

म्हणून परदेशातून येणाऱ्या आणि इथे लग्नाची तयारी करणाऱ्या कुटुंबांना माझी विनंती आहे की ध्वनिवर्धकाच्या ट्रकला जी रक्कम मोजता, तीच वादकांच्या ताफ्याला द्यावी. मंगल कार्यालयाशी करता तसा लेखी करार त्यांच्याशीही करावा, त्यात वेळ, इसार आणि येण्या-जाण्याचा खर्च स्पष्ट असावा, आणि त्यांची पाने इतर पाहुण्यांबरोबरच मांडावीत. पत्रिकेत मामा-मावश्यांची एवढी लांबलचक यादी छापली जाते, तिच्याखाली ताफ्याच्या प्रमुखाचे नाव छापायला एकच ओळ लागेल.

आपल्यालाही एक विनंती आहे. लग्नसराईच्या पुरवण्यांत मंगल कार्यालये, आचारी, सजावटकार आणि छायाचित्रकार यांच्या जाहिराती असतात. पण हलगी, सनई, संबळ वाजवणारे किंवा लेझीमचे ताफे कुठे भेटतील, हे परगावाहून येणाऱ्याला त्यांतून कळत नाही. अशा ताफ्यांची, त्यांच्या संमतीने, पेठवार यादी आपण येत्या लग्नसराईपूर्वी विनामूल्य प्रसिद्ध करावी. पेठांतून फिरून ती गोळा करण्याचे काम मी आणि माझे दोन-तीन निवृत्त मित्र करण्यास तयार आहोत.

आपला,
एक वाचक, सोलापूर