पिग्मीवाल्या काकांना, भिंतीबद्दल

काका, नमस्कार.

हे असं सगळ्यांसमोर लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे मला. भिंतीच्या खाली तुमचं नाव टाकूया म्हटलं तर 'नाव घातलंत तर उद्यापासून या बाजूनं येणार नाही' म्हणालात, म्हणून इथेही नाव घालत नाही. नुसतं पिग्मीवाले काका. म्हापशाच्या बाजारात तेवढं पुरतं.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. पिग्मी म्हणजे रोज थोडे थोडे पैसे जमवायची बचत, ते गोळा करायला काका बाजारात फिरतात. बाजाराजवळच्या एका जुन्या गोदामाची मागची भिंत, ४० फूट लांब, १२ फूट उंच, तिच्यावर आम्ही तिघींनी शुक्रवारच्या बाजारात बसणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचं चित्र काढून घ्यायचं ठरवलं. म्हणजे त्या ज्या जमिनीवर गोणपाट टाकून माडाचा गूळ, आमसोलं, अळसांदे, सुक्या मिरच्या घेऊन बसतात त्या. माझी आजी डिचोलीकडच्या गावातून पहाटेच्या बसनं येऊन तिथेच बसायची, किती वर्षं ते तिला पण सांगता यायचं नाही, आणि ती गेली तेव्हा घरात शोधलं तर बाजारातला तिचा एकही फोटो नाही, एकच होता तो रेशनकार्डाचा. तिथून हे डोक्यात आलं.

डोक्यात येणं सोपं हो. पैसे कुठून? आधी आम्ही शहाण्यासारख्या सीएसआरच्या मागे लागलो, कारण कायद्यात मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे २ टक्के समाजाच्या कामांवर खर्च करायचे असतात आणि त्या कामांच्या यादीत कला-संस्कृती पण आहे असं वाचलेलं. मग कळलं की त्यासाठी रजिस्टर्ड संस्था लागते, त्या संस्थेचा सीएसआर-१ म्हणजे नोंदणीचा फॉर्म भरलेला लागतो, आणि आम्ही म्हणजे तीन मुली आणि एक व्हॉट्सअप ग्रुप. तरी एका कंपनीनं बोलावलं (नाव नको), चहा दिला, आणि म्हणाले की दुसऱ्या संस्थेमार्फत करू काहीतरी, पण लोगो चार फुटांचा पाहिजे, मध्यभागी. मध्यभागी! म्हणजे गूळवाल्या मावशीच्या डोक्यावर. आम्ही चहा पिऊन घरी आलो.

दोन महिन्यांत ओळखीपाळखीतून ११,५०० जमले होते आणि खर्चाचा आकडा होता १,३५,०००. मी अक्षरशः सोडून देणार होते. तेव्हा त्या चहाच्या गाड्यावर तुम्ही भेटलात, खांद्याला ती काळी बॅग, हातात पावत्यांचं मशीन, आणि म्हणालात, बायकांकडून का नाही घेत?

आता खरं सांगते काका, मला राग आला होता तुमचा. ज्यांचा मान करायचा त्यांच्याकडूनच पैसे मागायचे? त्या दिवसभर उन्हात बसून किती कमावतात ते तुमच्याइतकं कोणाला माहीत, रोजचे वीस-पन्नास तुम्हीच तर घेता त्यांच्याकडून. मी तसं बोलले पण, जरा चढ्या आवाजात. तुम्ही शांतपणे चहा संपवलात आणि मला पिग्मीची गोष्ट सांगितलीत, १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकवाल्यांनी दारोदार माणसं पाठवून दिवसाला दोन आण्यांपासून गोळा करायला सुरुवात केली ती. म्हणालात, दोन आणे देणाऱ्याला पण आपलं पासबुक असतं, फुकट मिळालेल्याला नसतं. दहा रुपये घ्या, आठवड्याला. दहाच. कोणाकडूनही अकरा नाही.

मला तेव्हा पटलं नव्हतं. पैसे नव्हते म्हणून हो म्हटलं, एवढंच.

मग दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारपासून तुम्ही सुरू झालात. आणि इथे जे मी पाहिलं ते कोणाला माहीत नाही म्हणून लिहिते. पिग्मीच्या पैशात हे पैसे मिसळता कामा नयेत म्हणून तुम्ही आधी तुमची नेहमीची फेरी पूर्ण करायचात, सोसायटीत जाऊन भरणा करायचात, आणि मग परत, दुसऱ्यांदा, त्याच बाजारात तीच फेरी मारायचात, बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि लाल पुठ्ठ्याची वही घेऊन. दुपारी एक-दीडच्या उन्हात, त्या गुडघ्यांनी. मी एकदा म्हटलं की काका एकाच फेरीत दोन्ही घ्या ना, तर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी पुन्हा विचारलं नाही.

ती वही आता माझ्याकडे आहे. ७१ जणी, १४ शुक्रवार. म्हणजे ९९४ वेळा दहा रुपये यायला हवे होते, आले ९८७ वेळा. सात वेळा चुकले, आणि ते का चुकले ते पण समोर पेन्सिलीनं लिहिलेलं आहे तुम्ही. 'नातीचं लग्न.' 'ताप.' 'बस चुकली.' 'ताप' परत. एका ठिकाणी नुसतं 'रागावली'. कशावरून हो? ते सांगा कधीतरी.

आणि ती पेन्शनवाली आजी. गोवा सरकारच्या दयानंद योजनेचे दोन हजार येतात तिला महिन्याला, त्यातले पाचशे एकदम काढून दिले तिनं, हट्टानं, आणि तुम्ही चारशे नव्वद परत तिच्या कनवटीला लावायला सांगितलेत, पावती दहाची. ती चिडली, म्हणाली माझे पैसे काय खोटे आहेत? तुम्ही म्हणालात, खोटे नाहीत, पण मग तुझं तोंड मोठं काढावं लागेल. ती जी हसली. मला तो चार फुटांचा लोगो आठवला आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की दहाचा हट्ट तुमचा कशासाठी होता.

त्या वहीच्या एका पानाचा फोटो (नावं झाकून) मी स्टेटसला टाकला आणि मग जे काय झालं ते झालंच. दोन महिने हलत नव्हता तो आकडा धावायला लागला, दुबईतली मावसबहीण, कॉलेजातले सर, कोण कुठले. गोदामाच्या मालकानं वही स्वतः चाळली, काही बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टरचे ३४,००० मी देतो म्हणून निरोप पाठवला. उरले १,०१,०००, त्यात बाजाराचे ९,८७० आणि बाकी ९१,१३० इकडून तिकडून. हिशोब पैशापैशाचा जुळतो, तुम्ही दोनदा बघितलाय.

रंगाचं थोडं. पहिल्यांदा निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज पद्धतीच्या अझुलेजू टाइल्स कराव्यात असं होतं, पणजीत दिसतात तशा, पण चाळीस फुटांची किंमत ऐकून गप्प बसलो. मग चित्रकारानं कावी सुचवली, आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या मातीचं असतं ते काम. खरी कावी म्हणजे चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबडा थर द्यायचा आणि तो खरवडून आतला पांढरा काढायचा, ते आम्हाला परवडणारं नव्हतं, म्हणून नुसता रंगांचा मेळ तिथून घेतला आणि काम साध्या एक्स्टिरियर इमल्शनमध्ये. दोनच रंग, डबे कमी, खर्च कमी. पण भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, चिरा पाणी ओढतो, जुनं प्लास्टर टकटक केलं की पोकळ वाजायचं, ते सगळं पाडून नवं केलं आणि महिनाभर सुकायला ठेवलं. घाई करूया म्हणणारी मीच होते. बरं झालं कोणी ऐकलं नाही माझं.

कोणाला काढायचं यावरून पण भांडण झालं. काही जण म्हणाले, प्रसिद्ध बायका काढा, पद्मश्री मिळालेल्या स्वातंत्र्यसैनिक लिबिया लोबो सरदेसाई काढा, भाजीवाल्या कसल्या. तुम्ही म्हणालात एकच काढा, ती सुद्धा म्हापशातली गोष्ट असेल तर. म्हणून डाव्या कोपऱ्यात सुधाताई जोशी आहेत, एप्रिल १९५५ मध्ये इथे म्हापशात गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि पोर्तुगीज पोलिसांनी पकडलं त्यांना. पण त्या इतरांपेक्षा मोठ्या नाहीत. सगळ्यांच्या मापाच्या.

भिंत पूर्ण झाली त्या शुक्रवारी तुम्ही आलाच नाहीत, फेरी होती म्हणे. तर ऐका काय काय झालं ते. मिरचीवाली मावशी पाच मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, 'म्हजें नाक इतलें व्हड ना गे!' दुसरीनं सांगितलं की आहे. मग सगळ्यांचा आक्षेप एकाच गोष्टीवर, केसांतली आबोली तांबडी कशी काय काढली, आबोली तांबडी असते का कुठे? चित्रकार कावी समजवायला लागला, त्याला कोण ऐकतंय. 'पैसे आमी दिल्यात' असं एकीनं ठणकावलं आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशी नारिंगी रंगाचा एक लिटरचा डबा आणला, आता भिंतीवर दोन नाही, तीन रंग आहेत. तुमचं पासबुकाचं बोलणं मला तिथे उभी असताना पूर्ण कळलं काका, उशिरा कळलं, त्याबद्दल सॉरी, आणि त्या दिवशी गाड्यावर जे बोलले त्याबद्दल पण.

आभार मानले की तुम्ही छत्री उघडून चालायला लागता, म्हणून लिहून मानते. त्या दुसऱ्या फेरीबद्दल. पेन्सिलीनं लिहिलेल्या त्या सात कारणांबद्दल. आणि माझी आजी तुमच्याकडे पिग्मी भरायची हे तुम्ही मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीत, ते मला गूळवाल्या मावशीकडून कळलं, त्याबद्दल काय म्हणायचं ते मला सुचत नाही.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत की भिंत झाली तरी बायका दहा रुपये द्यायच्या थांबत नाहीत, आता कुठल्या नावावर लिहू. भिंत म्हणूनच लिहा. पाऊस झाला की खालच्या तीन फुटांना परत प्रायमर लागणारच आहे. वही शुक्रवारी आणून देते, डबा पण.